क्रेडिट : दुसऱ्याच्या वहीतील आपले नाव

इंग्रजीतील काही शब्द आपल्या पेढीवर आणि घरात इतके रुळले आहेत की ते परके आहेत याचे भानही उरत नाही. ‘क्रेडिट’ हा त्यांतील अग्रगण्य. माल क्रेडिटवर आणला, खात्यात रक्कम क्रेडिट झाली, जीएसटीचे क्रेडिट अडकले, मुलीचे महाविद्यालयातील क्रेडिट पूर्ण झाले आणि कामाचे क्रेडिट मात्र भलत्यानेच घेतले! एकाच घरात, एकाच दिवशी हा शब्द पाच अर्थांनी वावरतो. मराठीत यांतील प्रत्येकासाठी निराळा शब्द आहे. उधारी, जमा, वजावट, श्रेयांक आणि श्रेय. शिवाय या सर्वांच्या मुळाशी असलेली ‘पत’. इंग्रजीने हे सारे एकाच शब्दात का गुंफले असावे, हे पाहणे व्यापारी कुटुंबांना बोधप्रद ठरेल.

लॅटिन भाषेतील ‘क्रेडेरे’ या क्रियापदाचा अर्थ विश्वास ठेवणे. ‘क्रेडिटर’ म्हणजे धनको. मुळात ज्याने विश्वास ठेवला तो. भाषाशास्त्रज्ञ हे क्रियापद आणि आपला ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले, असे मानतात. तत्त्वार्थसूत्रात सम्यग्दर्शनाची व्याख्या तत्त्वार्थांवरील श्रद्धा अशीच केलेली आहे. म्हणजे दुकानातील उधारीचा शब्द आणि मंदिरातील श्रद्धेचा शब्द एकमेकांचे दूरचे आप्त ठरतात.

आता बँकेच्या पासबुकाकडे वळू. ग्राहकाने दहा हजार रुपये भरले की पासबुकात ती रक्कम ‘क्रेडिट’ दिसते. तोच ग्राहक स्वतःच्या खतावणीत मात्र बँकेच्या खात्याला ती रक्कम ‘डेबिट’, म्हणजे नावे टाकतो. वाणिज्य शाखेचा नवा विद्यार्थी येथे हमखास गोंधळतो. चूक कोणाचीच नसते. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे आणि बँकेच्या दृष्टीने ग्राहक हा धनको, तर ग्राहकाच्या दृष्टीने बँक ही ऋणको. व्यवहार एक, नय दोन. अनेकान्तवादाचा याहून सोपा पाठ कोणत्याही पेढीवर मिळणार नाही. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते : आपले क्रेडिट दुसऱ्याच्या वहीत असते.

हे सूत्र हाती धरले की इतर अर्थही उलगडतात. परदेशी गिऱ्हाईक आणि येथील निर्यातदार परस्परांना ओळखत नाहीत, तेव्हा ‘लेटर ऑफ क्रेडिट’द्वारे बँक आपला शब्द मध्ये ठेवते. ठरलेली कागदपत्रे बिनचूक सादर झाली की पैसे देण्याचे बंधन ती स्वीकारते. जीएसटीमध्ये खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा मिळतो. पण विक्रेत्याने आपले विवरणपत्र भरलेच नाही, तर खरेदीदाराचे क्रेडिट अडते. दुसऱ्याच्या सचोटीवर आपली वजावट अवलंबून! सिबिलचा क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो. तो कर्ज देणाऱ्या संस्थांनी कळविलेल्या नोंदींवरून ठरतो. आपण एखाद्या नातलगाला जामीन राहिलो असू, तर त्याच्या कर्जाची नोंद आपल्याही अहवालात येते. म्हणून जामीनपत्रावरील सही हा केवळ भिडेचा विषय मानू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांसाठीही ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापन झाली आहे. तेथेही विद्यार्थ्याच्या खात्यात श्रेयांक जमा करते ती शिक्षणसंस्था. विद्यार्थी स्वतः नव्हे.

स्वतःच्या वहीत स्वतःला क्रेडिट लिहून घेता येत नाही. मग दुसऱ्याच्या वहीत आपले नाव कसे लिहिले जात आहे, याची काळजी आपण घेतो का?

बँकेचा हप्ता एक दिवसही चुकू नये म्हणून आपण दक्ष असतो, कारण बँक स्कोअर कळविते. परंतु पुठ्ठ्याचे खोके करून देणारा लहान कारखानदार, लेबल छापणारा मुद्रक यांचे बिल ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणून महिनोन्महिने राहते. तो कोणाला स्कोअर कळविणार? काम तुटेल या भीतीने तो मागणीही दबक्या आवाजात करतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची ही अडचण ओळखूनच २००६ च्या कायद्याने मुदत घातली. लेखी करार असेल तर अधिकाधिक ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. पुढे २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकरातही तरतूद केली की, मुदत उलटल्यास त्या खर्चाची वजावट रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी मिळेल.

तथापि कायद्याचा धाक लागावा, ही आपल्या समाजाची परंपरा नव्हे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत आचार्यांनी ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लिखाण सांगितले, तसाच ‘न्यासापहार’ही सांगितला. ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागू लागला आणि आपण ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढीच परत केली, तर तोही दोष! समोरच्याच्या विस्मरणाचा लाभ जेथे वर्ज्य, तेथे त्याच्या अगतिकतेचा लाभ कसा चालावा? देय झालेले पैसे न देता वापरणे म्हणजे त्याच्या भांडवलावर, त्याच्या संमतीवाचून, आपला धंदा चालविणे होय.

श्रेयाचेही असेच आहे. दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन्स’ असते. परंतु पडत्या काळात दागिने काढून देणारी गृहिणी, रात्री बसून विवरणपत्रे जुळविणारी सून, तीस वर्षे किल्ल्या सांभाळणारे मुनीमजी यांचे नाव कोणत्या पाटीवर असते? त्यांच्या खात्यात जमा करावयाची ही रक्कम आपल्या जिभेवरच थकलेली आहे. ती चारचौघांत, त्यांच्या समक्ष, नाव घेऊन चुकती करावी. याला ना व्याज पडते, ना कर.

पर्युषण पर्वाच्या अखेरीस आपण सर्वांना क्षमापनेचे संदेश पाठवितो. त्या यादीत ज्यांची बिले आपल्याकडे थकली आहेत, असेही काहीजण असतात. यंदा त्यांना संदेश पाठविण्यापूर्वी त्यांची रक्कम पाठवावी. मग त्यांच्या मोबाइलवर ‘क्रेडिटेड’ असा बँकेचा निरोप आधी पोहोचेल, आणि त्यामागोमाग आलेली आपली क्षमायाचना त्यांना खरी वाटेल.