पायाखालची माती

मराठी भाषेने मातीवर जितका अन्याय केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशावर केला असेल. वस्तू कवडीच्या भावाने गेली की ती ‘मातीमोल’ झाली. चांगल्या कामाचा विचका झाला की त्याची ‘माती’ झाली. आणि माणूस गेला की आपण त्याच्या ‘मातीला’ जातो. शहरात वाढलेल्या आपल्या कुटुंबांना मातीची ओळख उरली आहे ती या वाक्प्रचारांपुरती, गणेशचतुर्थीच्या शाडूपुरती आणि दिवाळीच्या किल्ल्यापुरती.

पण हीच भाषा खेड्यात जाऊन ऐकावी. तेथे गावाच्या जमिनीचे पहिले वर्गीकरण दोनच शब्दांत होते : काळी आणि पांढरी. पीक उभे राहते ती काळी, घरे उभी राहतात ती पांढरी. त्यानंतर पोटभेद सुरू होतात. मुरमाड, बरड, पोयट्याची, चिकण, चोपण, खारवट, वरकस! कोशात हे शब्द एकापुढे एक निर्जीव पडलेले असतात. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र त्यांतला प्रत्येक शब्द एकाच प्रश्नाचे उत्तर देत असतो : ही माती पाण्याशी कशी वागते? मुरमाड जमीन पाणी धरीतच नाही. पोयट्याची धरते आणि मुळांना देते. चोपण जमीन पाण्याला आत घेत नाही, अंगावरच साचवून ठेवते. चिकण माती पाणी सावकाश घेते आणि एकदा घेतलेले लवकर सोडीत नाही. मातीची जात म्हणजे तिचे पाण्याशी असलेले नाते, ही व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभून दिसेल.

हे नाते डोळ्यांनी पाहायचे असेल तर भीमाशंकरला जावे. देवळापर्यंत आपण सारेच जातो. देऊळ खेड तालुक्यात. परंतु भोवतालचे अरण्य आंबेगावच्या डोंगरांत आणि घाटाखाली कर्जत-मुरबाडकडे पसरलेले आहे. १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. नागफणीच्या कड्यावर उभे राहिले म्हणजे पश्चिमेस एकदम कोकण खाली दिसते, आणि पाठ फिरवली की पूर्वेकडे उतरत गेलेला देश.

आता गंमत अशी की पायाखालचा खडक दोन्हीकडे एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला हा काळा पाषाण. भीमाशंकरच्या रानातली माती मात्र तांबूस-तपकिरी. आणि तेथेच उगम पावलेल्या भीमेच्या काठाकाठाने इंदापूरपर्यंत गेले की माती काळीभोर. एका आईची दोन लेकरे, एक गोरे आणि एक सावळे, असा हा प्रकार. फरक आहे तो पावसाचा. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इंदापूरला पाचशेच्या आसपास. मुसळधार पाऊस वर्षानुवर्षे खडकातला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेतो. मागे राहते ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. हे लोखंड गंजते, म्हणून माती तांबडी. दक्षिणेस महाबळेश्वरला आणि रत्नागिरीकडे हीच क्रिया टोकाला गेली आणि जांभा तयार झाला. उलट कमी पावसात चुना जागच्या जागी राहतो आणि काळी माती जन्माला येते. तिचा काळा रंग पाहून ती कुजलेल्या पालापाचोळ्याने भरलेली असेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. काळेपण सगळेच कसाचे नसते, हे मातीलाही लागू आहे.

सह्याद्रीवरून धुऊन गेलेला गाळ जातो कोठे? पश्चिमेचा काही भाग नद्यांबरोबर कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो. तीच तिथली चिकट, खारी खाजणाची जमीन. पूर्वजांनी बांध घालून समुद्राला बाहेर ठेवले आणि त्या खाजणात भात पिकवला. म्हणजे किनाऱ्याची माती पाहिली तरी तिचे माहेर आपल्या घाटमाथ्यावरच निघते.

चिकण माती म्हणजे नेमके काय? शास्त्राच्या हिशेबाने दोन सहस्रांश मिलिमीटरहून बारीक कणांची माती. असे पाचशे कण शेजारी शेजारी मांडले तर कोठे एक मिलिमीटर भरेल. घरी पडताळा पाहायचा असेल तर काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवावे आणि बरणी ठेवून द्यावी. रेती मिनिटभरात तळाला जाते, गाळवट कण काही तासांत बसतात, आणि गढूळपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर तो चिकण कणांचा समजावा. हे कण वाटोळे नसून पापुद्र्यांसारखे असतात. काळ्या मातीतले पापुद्रे असे विलक्षण की त्यांच्या थराथरांमध्ये पाणी शिरते. अशा शुद्ध चिकण खनिजाच्या एका ग्रॅमचे सारे पापुद्रे उलगडले तर सहाशे ते आठशे चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. म्हणजे चिमूटभर मातीत कबड्डीची पाच-सहा मैदाने! म्हणून ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. तांबड्या मातीतले पापुद्रे एकमेकांना घट्ट बिलगलेले; ती फारशी फुगत नाही, फाटतही नाही.

माणसाला वर्गीकरणाची हौस उपजतच असते, आणि सरकारला तर सारा वसूल करायचा असतो. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी पाहणी सुरू केली. त्यांची पद्धत मोठी सुबक होती. मातीचा पोत व रंग पाहायचा, हाताने खोली मोजायची आणि तिला आणे द्यायचे. खोल, बारीक, काळी माती सोळा आणे. तेथून उतरत उतरत नऊ प्रती, आणि शेवटची दोन आण्यांची. वर सात दोष ठरवलेले : चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, कणांचा सैलपणा, पाणी न मुरणे, लोंढ्याखाली येणे, उपळ फुटणे, आणि उतार. जितके दोष तितकी जमीन खालच्या प्रतीत. ‘सोळा आणे खरे’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला ही मोजदाद चटकन समजली असेल यात नवल नाही.

पुढे रशियात दोकुचायेव नावाच्या शास्त्रज्ञाने १८८३ साली तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला. माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. खडक, हवामान, जीवसृष्टी, चढउतार आणि काळ या पाचांच्या संसारातून ती जन्मते, हा विचार त्याच्यापासून रूढ झाला. अमेरिकेने १९७५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली; तिच्यात आज बारा मुख्य गण आहेत. आमची काळी माती त्यांतला ‘व्हर्टिसॉल’. हे नाव लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या धातूवरून आले, कारण भेगांतून वरची माती खाली आणि फुगताना खालची वर अशी ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरीत असते. तिचे जुने नाव ‘रेगूर’ तेलुगूतले. सह्याद्रीच्या उतारावरची बरीचशी माती पडते ‘एन्टिसॉल’ आणि ‘इन्सेप्टिसॉल’ या गणांत. म्हणजे नुकती जन्मलेली आणि अजून घडत असलेली. डोंगर इतका पुरातन आणि त्याच्या अंगावरची माती बाल्यावस्थेत, हे कसे? कारण उतारावर माती म्हातारी होईपर्यंत टिकतच नाही; ती सतत खाली निघालेली असते. देशभरच्या मातीचे असे नकाशे करण्यासाठी १९७६ साली नागपुरास राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम चिकाटीने केले आहे.

मात्र जी माती सतत खाली निघालेली आहे तिला अडवून कोणी धरले आहे, याचे उत्तर नकाशात नसते, रानात असते. भीमाशंकरच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची गर्दी. वर शेकरू फांद्यांवरून झेपावत असते आणि खाली पालापाचोळ्याचा गादीसारखा थर. पावसाचा थेंब प्रथम पानावर फुटतो, मग पाचोळ्यावर, आणि मातीपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचा जोर सरलेला असतो. तो पाचोळा बुरशी खाते. भर पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री तिच्यातल्या काही जाती मंद हिरवट प्रकाश देतात. त्या कुजण्यातून निघालेला चिकट अंश चिकण कणांचे बारीक गोळे बांधतो आणि गोळ्यांच्या फटींतून पाण्याला वाट मिळते. खाली मुळे मातीला विणून ठेवतात. मोकळ्या उतारावर हेच काम कारवी करते. म्हणून रानातली चिकण माती आणि उघड्या उतारावरची चिकण माती यांचे नाव एक असले तरी वागणूक एक नसते.

पावसाळा सरताना आहुप्याच्या बाजूस एका महादेव कोळी म्हाताऱ्या शेतकऱ्याची गाठ पडली. तेथे देवराईला अजून कुऱ्हाड लावीत नाहीत. त्यांना मी विचारले, “बाबा, ही माती कोणत्या जातीची म्हणायची?”

त्यांनी मूठभर माती दाबली, उघडून पाहिली आणि म्हणाले, “गुरुजी, जात तुम्ही कागदावर बघा. वरलं पानी हिच्यातनं कुठनं जाणार, ते आम्ही बघतो.”

‘वरचे पाणी कोठून जाणार’ या प्रश्नाची किंमत याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाने दिली. ३० जुलै २०१४ची सकाळ. आदल्या दिवसापासून पाऊस थांबत नव्हता. गावामागचा डोंगराचा उतार सुटला आणि चिखल, दगड, झाडे यांचा लोंढा घरांवर येऊन पडला. चुलीवर चहा असण्याची ती वेळ. नेहमीप्रमाणे एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला समोर गावच दिसेना. बाहेरच्या जगाला पहिली वार्ता त्याच्याकडून कळली. १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी २०१७ साली नवे माळीण उभे राहिले.

त्या सकाळी तेथे घडले काय? चिकण मातीच्या एका घनमीटरात चारशे लिटरांहून अधिक पाणी मावू शकते. म्हणजे तितकेच किलो ओझे उतारावर वाढते. खाली कठीण खडक असेल तर मुरलेले पाणी त्याच्यापाशी अडते, कणांना आतून लोटते आणि कणाकणांची पकड सुटते. मग डोंगर धरून ठेवणारे असे काही राहतच नाही. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. कोणी अतोनात पावसाकडे बोट दाखवले, कोणी तुटलेल्या झाडांकडे, कोणी उतारावर यंत्रे लावून केलेल्या सपाटीकरणाकडे. या भागात उतारावर भातखाचरे करण्याची जुनी रीत आहे. तिला पडकई म्हणतात. गावकरी एकमेकांच्या शेतावर राबून, दगडाला दगड लावून, दरसाल थोडे थोडे खाचर वाढवीत. हाताने केलेले काम सावकाश होते आणि मातीला बसायला वेळ मिळे. यंत्र एका दिवसात महिन्याचे काम करते. पाण्याची नवी वाट मात्र एका दिवसात बसत नाही. तथापि सारा दोष एका कारणावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पाऊस अतोनात झाला तर दाट रानाचा उतारही सुटू शकतो. रान हमी देत नाही. धोका पुष्कळ कमी करते, इतकेच. २२ जुलै २०२१ला महाडजवळ तळिये आणि १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडातलीच इर्शाळवाडी यांनी हा धडा पुन्हा गिरवून दाखवला.

विंगेटसाहेबांच्या तक्त्यात उतार हा एक दोष होता. त्याबद्दल साऱ्यात थोडी सूट मिळे. डोंगरातल्या माणसाला तो दोष सूट देत नाही.

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. पण आजकाल आपल्यापैकी कित्येक कुटुंबे डोंगरउतारावर बंगल्यासाठी जागा घेतात आणि समोरचा देखावा पाहून सौदा ठरवतात. देखावा पाहावाच, पण मागे वळून डोंगरही पाहावा. उतार खणून उभा कापला आहे काय? वरचे ओहोळ बुजवले आहेत काय? झाडे, खांब, कुंपणे खालच्या अंगाला कललेली दिसतात काय? उतारावर अर्धवर्तुळाकार भेग पडली, झऱ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, घराची दारे-खिडक्या उगाच अडकू लागल्या, तर मुसळधार पावसात तेथे रात्र काढू नये. आणि ज्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या तेथेच आहे, ज्यांना दुसरी जागा घेण्याची ऐपत नाही, त्यांच्या डोंगराकडे पाहणे हे मात्र सगळ्यांचे काम आहे.

मुले या दिवसांत किल्ला करतीलच. त्यांना एक प्रयोग सुचवावा. एकाच मातीचे दोन उतार करावेत. एकावर अळीव पेरावे, दुसरा उघडा ठेवावा. अळिवाने बोटभर उंची घेतली की दोहोंवर झारीने सारखेच पाणी सोडावे. कोणता उतार टिकला आणि का, हे त्यांचे त्यांना पाहू द्यावे. आणि हात धुण्यापूर्वी त्या मातीचे नाव विचारावे : चिकण, पोयट्याची, की मुरमाड? नाव ठाऊक असलेल्या गोष्टीला मातीमोल म्हणायला माणूस जरा कचरतो.