चीअरलीडिंगास खेळ म्हणावें काय ?

अमेरिकेंतील शाळा-कॉलेजांत फुटबॉलचा अथवा बास्केटबॉलचा सामना चालू असला म्हणजे मैदानाच्या कडेला एकसारखा पोषाख केलेली एक तुकडी उभी असते. ती प्रेक्षकांकडे तोंड करून आपल्या संघाच्या नांवाचा घोष करिते, प्रेक्षकांकडून तो करविते, आणि मधून मधून कोलांट्या घेते, एकमेकींच्या खांद्यांवर चढून मनोरे रचते. तिघी-चौघी मिळून एकीला हवेंत उंच फेकतात व खालीं झेलतात. ह्या प्रकारास तिकडे चीअरलीडिंग म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तो आयपीएलच्या क्रिकेट सामन्यांत दूरदर्शनावर पाहिला असेल. परंतु तेथें जें दिसतें तें मूळ वस्तूचें फार तर एक रंगीत टोंक होय. २००८ सालीं ते सामने सुरू झाले तेव्हां ह्या नर्तकींच्या पोषाखावरून महाराष्ट्रांत बरीच ओरड झाली, आणि तेव्हांपासून आपल्याकडील पुष्कळ सभ्य माणसांच्या मनांत चीअरलीडिंग म्हणजे तोकडे कपडे, एवढेंच समीकरण बसून गेलें आहे. तें समीकरण घटकाभर बाजूस ठेवून पुढील मजकूर वाचावा, अशी पालकांस आमची विनंती आहे.

ह्याला खेळ म्हणावें कीं न म्हणावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं नुसता शब्दाचा कीस वाटेल. परंतु अमेरिकेंत ह्या एका शब्दावरून न्यायालयांत खटले झाले आहेत. कारण खेळ म्हटलें कीं त्याला जाणता शिक्षक, खालीं गाद्या, सरावाचे नियम, हाताशीं डॉक्टर आणि वर्षाच्या अंदाजपत्रकांत पैसा मिळण्याचा संभव असतो. आणि खेळ न म्हटलें तर त्याच मुली त्याच उंचीवरून उघड्या फरशीवर पडतात.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. ज्यांत मुली शरीर कमावून, ठरलेल्या नियमांनीं, दुसऱ्या तुकडीशीं स्पर्धा करितात तें चीअरलीडिंग खेळच आहे. आणि ज्यांत स्पर्धा नाहीं, केवळ दुसऱ्यांच्या सामन्याच्या कडेला उभें राहणें आहे, त्यालाही निदान रक्षणाच्या बाबतींत खेळाचेच नियम लागू झाले पाहिजेत. मात्र हें नांव फुकट वांटण्याजोगें नाहीं, हेंही पुढें दाखवूं.

ह्या गोष्टीचा पूर्वेतिहास मोठा मौजेचा आहे. मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ १८९८ सालीं सामन्यामागून सामने हरत होता. तेव्हां जॉनी कॅम्पबेल नांवाचा एक विद्यार्थी नोव्हेंबर महिन्यांत प्रेक्षकांपुढें उभा राहिला व त्यानें सर्वांकडून एका तालांत आरोळ्या देवविल्या. संघटित चीअरलीडिंगचा आरंभ सामान्यतः तेथून धरितात. पुढें पंचवीस वर्षें हें काम पुरुषांचेंच होतें, आणि तें मोठ्या मानाचें समजलें जाई. आयसेनहॉवर हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत असतां गुडघा दुखावल्यामुळें त्यांना फुटबॉल सोडावा लागला व ते चीअरलीडर झाले. रोनाल्ड रेगन आणि धाकटे जॉर्ज बुश हेही विद्यार्थिदशेंत चीअरलीडर होते. तिघेही पुढें राष्ट्राध्यक्ष झाले. ह्या कामावरून त्यांना कोणीं नर्तक म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं!

मिनेसोटांतच १९२३ सालीं मुलींस ह्या कामांत प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत तरुण रणांगणावर गेले, तेव्हां रिकाम्या जागा मुलींनीं भरून काढल्या. आणि मग पुरुषांचें हें मानाचें काम हळूहळू मुलींचें शोभेचें काम मानलें जाऊं लागलें. काम तेंच होतें, करणारें माणूस बदललें, तसा त्याचा भाव उतरला. वस्तुतः तें पूर्वीपेक्षां अवघडच होत गेलें. लॉरेन्स हर्किमर ह्या गृहस्थांनीं १९४८ सालीं टेक्सास राज्यांत चीअरलीडरांचें शिबिर भरविलें, त्यास बावन्न मुली व एक मुलगा हजर होता. पुढें अशीं शिबिरें जागोजाग निघालीं, आणि नुसत्या घोषांच्या जागीं उड्या, कोलांट्या व मनोरे आले. ज्या काळांत कसरत वाढली त्याच काळांत तिला कसरत म्हणावयास लोक नाखूष झाले, हा योगायोग आम्हांस निष्पाप वाटत नाहीं.

जे लोक ह्याला खेळ म्हणावयास तयार नाहींत त्यांचें म्हणणें असें कीं, येथें गोल नाहीं, धांवा नाहींत, शर्यतीचें घड्याळ नाहीं. परीक्षक बसतात व त्यांना वाटेल तसे गुण देतात. हें आम्हांस मुळींच पटत नाहीं. जिम्नॅस्टिक्समध्यें, उंचावरून पाण्यांत सूर मारण्याच्या स्पर्धेंत, बर्फावरील कलात्मक स्केटिंगमध्यें परीक्षकच गुण देतात, आणि हे तिन्ही प्रकार ऑलिंपिक सामन्यांत आहेत. आपल्या घरचें उदाहरण मल्लखांबाचें. खेळाडू खांबावर चढतो तेव्हां समोर प्रतिस्पर्धी कोणी नसतो. पकड, तोल, उडी व सफाई पाहून परीक्षक गुण मांडतात. तरी मल्लखांब हा खेळ नव्हे असें म्हणणारा माणूस महाराष्ट्रांत हुडकून सांपडावयाचा नाहीं.

दुसरें म्हणणें अधिक वजनाचें आहे. खेळाडू स्वतःच्या जयासाठीं झटतो; चीअरलीडर दुसऱ्याच्या जयासाठीं ओरडते; तेव्हां ती खेळाची सोबतीण, खेळाडू नव्हे. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या तुकडीविषयीं ह्यांत तथ्य आहे. परंतु आज अमेरिकेंत अशा अनेक तुकड्या आहेत कीं ज्या कोणाच्याही सामन्यास जात नाहींत. अवघ्या अडीच मिनिटांच्या कसरतीसाठीं त्या वर्षभर सराव करितात, आणि दुसऱ्या तुकड्यांशीं चढाओढ करितात. मिशिगन राज्यांत १९९४ पासून शाळाशाळांमधील चीअरलीडिंगची अंतिम स्पर्धा इतर खेळांप्रमाणें रीतसर भरते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें ह्या खेळाच्या जागतिक संघटनेस २०१६ सालीं तात्पुरती व २०२१ सालीं पूर्ण मान्यता दिली. (मान्यता म्हणजे ऑलिंपिक सामन्यांत प्रवेश नव्हे, हें आमच्या उत्साही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.)

असो. आमच्या दृष्टीनें हा वाद मानाचा नसून मानेचा आहे. मनोऱ्यावरच्या मुलीला खालच्या मुलींचे तळहात व खांदे एवढाच आधार असतो. तिचा पाय निसटला, किंवा खालच्या एकीचें लक्ष क्षणभर चळलें, तर ती डोक्यावर अथवा मानेवर येते. अमेरिकेंत शाळा-कॉलेजांच्या खेळांतील मेंदू, मान व पाठीचा कणा ह्यांच्या अत्यंत गंभीर इजांची पद्धतशीर नोंद १९८२ पासून ठेविली गेली आहे. त्या नोंदींवरून पंचवीसांहून अधिक वर्षांचा हिशेब काढला तेव्हां, मुलींना झालेल्या अशा इजांपैकीं निम्म्याहून जास्त एकट्या चीअरलीडिंगमध्यें झाल्या असें दिसून आलें. फुटबॉल नव्हे, हॉकी नव्हे. ज्याला खेळ म्हणत नाहींत तो प्रकार!

मार्च २००६ मध्यें सेंट लुई शहरीं बास्केटबॉलच्या एका सामन्यांत सदर्न इलिनॉय विद्यापीठाची एक मुलगी सुमारें पंधरा फुटांच्या मनोऱ्यावरून डोक्यावर पडली, व तिच्या मानेच्या मणक्यास इजा झाली. तिला पट्ट्यांनीं जखडून स्ट्रेचरवरून नेत असतां विद्यापीठाच्या बँडनें नेहमींचें गीत वाजविलें. आणि त्या मुलीनें पडल्या पडल्या, मोकळ्या असलेल्या हातांनीं, त्या गीताचे ठरलेले हावभाव करून दाखविले. प्रेक्षकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. पुढें ती बरी झाली, ही समाधानाची गोष्ट. तिच्या धैर्याची त्या वेळीं पुष्कळ वाखाणणी झाली, व तें धैर्य होतेंच. परंतु दुखावलेल्या मानेनें देखील दुसऱ्यांचा उत्साह वाढविणें हेंच आपलें काम, असें ज्या शिक्षणानें एका तरुण मुलीच्या मनावर ठसतें, त्या शिक्षणाकडे आम्ही टाळ्या वाजवून पाहूं शकत नाहीं.

त्याच वर्षीं कॉलेजांच्या नियमांत बदल झाला, आणि बास्केटबॉलच्या कठीण तक्तपोशीवर गादीवांचून मुलीला उंच फेकण्यास बंदी आली. त्यानंतरच्या वर्षांत अत्यंत गंभीर इजांचें प्रमाण पुष्कळच उतरलें. म्हणजे उपाय अवघड नव्हता. तो योजणारें कोणी नव्हतें. २०१२ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेनें स्पष्ट सांगितलें कीं, चीअरलीडिंगास खेळ म्हणून मान्यता द्यावी, म्हणजे तयार शिक्षक, आरोग्यतपासणी, सुरक्षित जागा व इजांची नोंद ह्या गोष्टी आपोआप त्याच्या मागोमाग येतील. दोन वर्षांनीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननेंही तेंच मत दिलें. मुलांचीं हाडें बसविण्याचें काम ज्यांच्या वाट्यास येतें त्यांचें हें मत आहे. आम्ही शिक्षकांनीं तें खालीं मान घालून ऐकावें.

आतां न्यायालयांकडे वळूं. विस्कॉन्सिन राज्यांत एका शाळेंतील मुलगी सरावाच्या वेळीं मागें फरशीवर पडली. खालीं गादी नव्हती, आणि तिला सांभाळण्यासाठीं जो सहाध्यायी मागें उभा राहावयाचा तो जागेवर नव्हता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २००९ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, चीअरलीडिंग हा शरीरस्पर्शाचा खेळ आहे, आणि अशा खेळांतील सोबत्यावर नुसत्या निष्काळजीपणाबद्दल दावा चालत नाहीं. शाळेच्या मंडळासही दुसऱ्या एका नियमाखालीं मोकळीक मिळाली. म्हणजे मुलीच्या पदरीं खेळाडू हें नांव पडलें, आणि भरपाई मात्र हातची गेली !

ह्याच्या पुढच्याच वर्षीं कनेक्टिकट राज्यांत उलट निकाल झाला. अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेद करण्यास मनाई आहे, व खेळांच्या संधीसही तो नियम लागू होतो. क्विनिपिॲक विद्यापीठानें २००९ सालीं पैशाच्या ओढीमुळें मुलींचा व्हॉलीबॉल संघ मोडण्याचें ठरविलें, आणि स्पर्धेच्या चीअरलीडिंगचा संघ काढून मुलींची संख्या भरून दाखविण्याचें योजिलें. व्हॉलीबॉलच्या मुली फिर्याद घेऊन गेल्या. न्यायाधीश अंडरहिल ह्यांनीं २०१० सालीं निकाल दिला कीं, ह्या प्रकारास अद्याप इतर खेळांसारखी घडी बसलेली नाहीं; सामने कोणाशीं, कोणत्या नियमांनीं, ह्यांत एकसूत्रीपणा नाहीं; सबब त्या तीस मुली ह्या कायद्यापुरत्या खेळाडू म्हणून मोजतां येत नाहींत. पुढें कधीं ही स्थिति पालटूं शकेल, असेंही त्यांनीं नमूद केलें. २०१२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें हा निकाल कायम केला.

चीअरलीडिंगचे कैवारी ह्या निकालावर रुष्ट झाले. आम्हांस तो योग्य वाटतो. त्या मुलींच्या अंगचे गुण कमी होते असें न्यायाधीशांनीं म्हटलेलें नाहीं. त्यांनीं विद्यापीठाला एवढेंच सांगितलें कीं, एका मुलीच्या ताटांतील घांस काढून दुसरीच्या ताटांत वाढला, तर पंगत वाढली असें होत नाहीं. जें विद्यापीठ खेळ हें नांव वापरूं इच्छितें त्यानें खेळाचा सर्व प्रपंचही उभा करावा. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे आमच्या मतें एकच गोष्ट नजरेस येते : नांव कोणाच्या सोयीसाठीं दिलें जात आहे, हें आधीं पाहावें.

महाराष्ट्रांतील वाचकांस येथें दहीहंडीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आणि ती होणें रास्त आहे, कारण प्रश्न तोच आहे. २०१४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें थर वीस फुटांहून उंच नसावे व अठरा वर्षांखालील मुलें त्यांत नसावीं असें ठरविलें. २०१७ सालीं उंचीची मर्यादा निघाली व वयाची अट चौदावर आली. २०२२ सालीं राज्य सरकारनें दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, दुर्दैवानें मृत्यु आल्यास कुटुंबास दहा लाख रुपये देऊं केले, आणि खेळाडूंसाठीं राखीव असलेल्या नोकऱ्यांत गोविंदांनाही वाट मोकळी केली. ह्यांपैकीं विम्याचा व मदतीचा भाग आम्हांस पसंत आहे. पण दर्जा आधीं आला, आणि शिक्षक, गाद्या व उंचीचा नियम हे मागून यावयाचे राहिले, तर तो दर्जा पडणाऱ्याला झेलीत नाहीं.

शाळांच्या स्नेहसंमेलनांतही मुलांचे मनोरे रचण्याची हौस पुष्कळ ठिकाणीं आहे. आपला मुलगा अगर मुलगी सर्वांत वरच्या थरावर उभी आहे हें पाहून कोणत्या आईबापांस आनंद होणार नाहीं ? तो त्यांनीं अवश्य मानावा; पण छायाचित्र काढण्यापूर्वीं, खालीं काय अंथरलें आहे, मनोऱ्याच्या चारी बाजूंस कोण उभें आहे, आणि सराव किती दिवस व कोणाच्या देखरेखीखालीं झाला, हें शाळेस विचारावें. विचारण्यांत संकोच मुळींच धरूं नये.

अमेरिकेपुरतें पाहतां, कॅलिफोर्निया राज्यानें २०१५ सालीं कायदा करून शाळांतील स्पर्धेच्या चीअरलीडिंगास खेळ म्हणून नियम घालून देण्याचें काम तेथील शालेय क्रीडासंघाकडे सोंपविलें. सामन्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या तुकड्या मात्र त्या कायद्यानें खेळांत धरलेल्या नाहींत. त्यांतील मुली मनोरे रचतातच.