वारा आहे, जहाजे नाहीत

२०२२ पर्यंत पाच हजार आणि २०३० पर्यंत तीस हजार मेगावॉट वीज समुद्रातील वाऱ्यापासून मिळवू, असे उद्दिष्ट केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केले. भारताच्या समुद्रात अद्याप एकही पवनचक्की उभी नाही. दोष वाऱ्याचा नव्हे. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी तो गुजरातपेक्षाही जोरकस आहे. निविदा निघतात आणि रद्द होतात, तेव्हा कारण विजेच्या दरात शोधले जाते. माझ्या मते ते समुद्रतळाशी आणि बंदरात शोधायला हवे.

खंभातचे आखात उथळ, म्हणून काम सोपे, असे कागदावर वाटते. पण नर्मदा, तापी, मही आणि साबरमती यांनी आणलेला गाळ या तळाशी साचला आहे. आखाताच्या वरच्या भागात भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक दहा मीटरच्या घरात जातो. अशा प्रवाहात खांब रोवला की त्याच्या बुंध्याशी पाणी भोवरे घेते आणि माती खरवडून नेते. दगडांचा भराव टाकून पाया जपावा लागतो. शेकडो टनांचा पोलादी खांब किती खोल ठोकायचा, हे जागोजागी तळ वेधल्यावरच ठरते. चक्रीवादळाचा हिशेब वेगळाच. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्यावर आदळले होते. शिवाय पावसाळ्यात वारा सर्वाधिक असतो आणि नेमकी तेव्हाच दुरुस्तीची बोट सोडता येत नाही.

हे सारे सुटण्याजोगे आहे. मुंबई हायवर तेलाचे फलाट उभारणाऱ्या देशाला समुद्र नवा नाही. नाहीत ती पाय तळाला टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलणारी, उंच क्रेनची जहाजे. अवघ्या पन्नासेक चक्क्यांसाठी ती युरोपातून कोण आणणार? आणि आणली, तरी लांबलचक पाती व जड खांब पेलणारा धक्का कोठे आहे?

जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातील ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूतील प्रत्येकी पाचशे मेगावॉटसाठी. दोन बंदरांच्या वाट्याला ६०० कोटी. हे प्रमाण मला उलटे वाटते. चक्क्यांचे अनुदान थोडे थांबू शकते. धक्का बांधायला आणि जहाज घडवायला मात्र वर्षे लागतात, आणि ते काम कोणताही खासगी विकासक एका प्रकल्पाच्या भरवशावर अंगावर घेणार नाही.