मोडणे हाही घडणीचाच भाग

बंगळूरच्या आग्नेयेस असलेला बेळ्ळंदूरचा तलाव हा त्या नगरातील सर्वांत मोठा जलाशय होय. वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले; त्यातील साबणी द्रव्यांमुळे फेसाचे ढीग काठावरील रस्त्यांपर्यंत आले; आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षी तलावात आग पेटल्याचे दृश्यही लोकांनी पाहिले. येणाऱ्या प्रवाहाला वाट मिळाली होती, परंतु आलेले मोडून काढण्याची व्यवस्था अपुरी पडली होती.

जीवशास्त्राच्या शालेय अध्यापनातही काहीसे असेच घडते. पेशीत प्रथिने कशी तयार होतात याचे वर्णन सविस्तर असते. ती मोडली कशी जातात हे मात्र एकदोन वाक्यांत उरकले जाते. लयकारिका म्हणजे पेशीची ‘आत्मघाती पिशवी’, एवढे वाक्य विद्यार्थी पाठ करतो आणि विघटन म्हणजे केरकचरा काढणे, अशी समजूत करून घेतो. ही समजूत अपुरी आहे. ती किती अपुरी आहे, हे मेंदूकडे पाहिले असता ध्यानात येते.

मेंदूतील दोन चेतापेशी जेथे परस्परांशी संवाद साधतात, त्या जागेला सिनॅप्स किंवा चेतासंधी म्हणतात. तेथे दोन पेशींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. एक पेशी ग्लुटामेटसारखे द्रव्य त्या फटीत सोडते व पलीकडच्या पेशीच्या आवरणातील ग्राही नावाची प्रथिने ते टिपतात. ग्राही अधिक असतील तर संदेश जोरदार उमटतो, कमी असतील तर क्षीण. शिकणे आणि विसरणे या दोन्ही क्रिया बऱ्याच अंशी या संख्येच्या चढउतारावर अवलंबून असतात. केवळ नवे ग्राही घडवून हा चढउतार साधणार नाही, हे उघड आहे.

यासाठी पेशीजवळ एक खूण आहे. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन विशिष्ट एंझाइमे नेमक्या प्रथिनाला जोडतात. अशा खुणांची साखळी लागलेले प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रणेत ओढले जाऊन त्याचे तुकडे होतात. या व्यवस्थेच्या शोधाबद्दल आरोन सिचॅनोव्हर, अव्रम हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राही आवरणात रुतलेले असल्यामुळे त्यांची वाट थोडी निराळी असते. खूण लागताच आवरणाचा तेवढा भाग आत ओढला जातो. तेथून ग्राही पुन्हा पृष्ठभागी परततो, किंवा लयकारिकेत जाऊन नष्ट होतो. ग्राहींना जागेवर धरून ठेवणारी आधार-प्रथिने मात्र प्रोटिअसोममध्ये मोडली जातात, आणि आधार सुटलेले ग्राहीही मग आत जातात.

सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीवरील प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ग्लुटामेटच्या एका ग्राहीवरील खूण लागण्याच्या जागाच बदलून टाकल्या, तेव्हा चेतासंधींवर त्या ग्राहींची संख्या वाढली आणि कृमीच्या हालचालीची रीतही बदलली.

येथे तलावाचा दृष्टान्त संपतो. तलावातील घाण निरुपयोगी असते. चेतासंधीवर मोडले जाणारे प्रथिन पुष्कळदा धडधाकट असते. म्हणून नाशिकच्या द्राक्षबागेचा दृष्टान्त अधिक समर्पक ठरतो. तेथे एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, ती फांद्या रोगट असतात म्हणून नव्हे, तर वेलीला वळण लागावे म्हणून. चेतापेशीही या छाटणीसाठी आपली ऊर्जा खर्च करते.

ही छाटणी बिघडल्यास काय होते, याचे दुःखद उदाहरण म्हणजे अँजेलमन विकार. हॅरी अँजेलमन या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९६५ मध्ये तीन बालकांच्या निरीक्षणांवरून त्याचे वर्णन केले. अशी मुले वारंवार हसतात, परंतु बोलू जवळजवळ शकत नाहीत; चालताना तोल जातो, फेफऱ्याचे झटके येतात. युबिक्विटिन जोडणाऱ्या एका एंझाइमाचे जनुक या विकाराच्या मुळाशी आहे, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. चेतापेशींत या जनुकाची पित्याकडून आलेली प्रत स्वभावतःच मूक असते. मातेकडून आलेली प्रत बिघडली की खूण लावणारा हातच उरत नाही. कोणती प्रथिने न मोडल्याने अपाय होतो, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही. परंतु मूक प्रत जागी करणाऱ्या उपचारांच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत. अशा मुलाच्या आईबापांना हे समजावून सांगायचे, तर विघटन म्हणजे केरकचरा एवढ्या ज्ञानावर कसे भागेल?

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी भर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु येथे नवे प्रकरण घालण्याची गरज नाही. प्रथिननिर्मितीच्या पाठाला प्रथिन-विघटनाचे एक पान जोडावे, ‘आत्मघाती पिशवी’ हा शब्द गाळावा, आणि पेशीतील कोणत्याही द्रव्याचे प्रमाण घडण व मोड या दोहोंच्या मेळाने ठरते, हे फळ्यावर आकृती काढून दाखवावे. रिकामा होणाऱ्या व भरणाऱ्या हौदाचे गणित सोडवणाऱ्या मुलाला हे खचित कठीण जाणार नाही.