ग्रंथदिंडी घरापर्यंत यावी

३ ते ५ फेब्रुवारी २०२३ या तीन दिवसांत वर्धा नगरीत ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडले. १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली याच नगरीत संमेलन भरले होते. त्यानंतर ५४ वर्षांनी हा मान वर्ध्याला पुन्हा लाभला. विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीचे औचित्य, न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्यासारखे व्यासंगी अध्यक्ष आणि स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर उभी राहिलेली पुस्तकांची दालने, असा तो योग होता. संमेलनातील भाषणांची आणि वादांची चर्चा वृत्तपत्रांतून यथास्थित झाली. एक प्रश्न मात्र अशा प्रत्येक सोहळ्यानंतर अनुत्तरित राहतो. पुस्तकांची पिशवी घेऊन जे कुटुंब मैदानावरून घरी परतले, त्या घरात पुढे काय घडले?

संमेलन असो, जिल्हा ग्रंथोत्सव असो वा एखाद्या संस्थेने भरविलेले पुस्तक प्रदर्शन असो, कार्यक्रमाचा साचा बहुधा ठरलेला असतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ग्रंथ असतात, पुढे लेझीम खेळणारी शाळकरी मुले असतात. मग उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन आणि समारोप. या साऱ्यात कुटुंबाचे स्थान ग्राहकाचे आहे. वडील स्पर्धा परीक्षेचे पुस्तक पाहतात, आई आरोग्याचे किंवा पाककृतींचे पुस्तक चाळते, आजोबा एखादे चरित्र उचलतात आणि धाकट्यासाठी चित्रे रंगविण्याची वही घेतली जाते. चौघांनी मिळून एक पुस्तक उघडले, एकाने वाचले आणि तिघांनी ऐकले, असा प्रसंग त्या मैदानावर घडत नाही आणि घरी तर त्याहून नाही.

चार मिनिटांचा विक्रम

हा साचा मोडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न पुण्यात झाला. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने, राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या पुढाकाराने, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या मैदानावर ३०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या पाल्याला गोष्ट वाचून दाखविली. निसर्गरक्षणाचा संदेश देणारे ते वाचन चार मिनिटे चालले आणि चीनच्या नावावर असलेला विक्रम मोडून त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

विक्रमांच्या या हव्यासाकडे पाहून नाके मुरडणारे अनेक आहेत. त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. वाचन ही शांतपणे, सातत्याने करावयाची गोष्ट. ती घड्याळ लावून आणि माणसे मोजून कशी करावयाची? तरीही या उपक्रमाचे एक श्रेय नाकारता येणार नाही. तीन हजारांवर आईवडील मुलाचे बोट धरून तेथे आले आणि पुस्तक उघडून त्याच्याशेजारी बसले. त्यांतील काहींनी तरी त्या दिवशी पहिल्यांदाच मुलाला मोठ्याने वाचून दाखविले असेल. पुस्तक महोत्सवाने कुटुंबाला ग्राहकाच्या जागेवरून वाचकाच्या जागेवर आणले, ही त्यातील खरी कमाई होय. विक्रम चार मिनिटांत पूर्ण होतो. पाचव्या मिनिटाला काय करावयाचे, याचे उत्तर मात्र विक्रमाच्या पुस्तकात सापडणार नाही. ते घरात शोधावे लागते.

परवचा ते पोथी

मराठी घराला हे उत्तर एके काळी ठाऊक होते. दिवेलागणीला देवापुढे शुभंकरोति होई, मग परवचा म्हटला जाई. चातुर्मासात रुमालात बांधलेली पोथी सोडली जाई. ‘शिवलीलामृत’, ‘हरिविजय’, ‘भक्तिविजय’ यांचा एखादा अध्याय घरातले कोणी वाची आणि शेजारपाजारच्या बायकामुलांसह सारे ऐकत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ओव्या मुखोद्गत असत. विदर्भात तर १९५५ साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ याच रीतीने शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोचली. एक वाचणार आणि दहा ऐकणार, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेकडे केवळ श्रद्धेचा भाग म्हणून पाहिले तर तिचे शैक्षणिक मर्म हातून निसटते. बालक स्वतः बोलते त्यापेक्षा कितीतरी मोठी शब्दसंपदा ऐकून समजू शकते. मोठ्यांनी वाचलेले वाक्य कानावर पडते, तेव्हा त्या वाक्याची लय, त्यातील विराम, कर्त्यापासून क्रियापदापर्यंतचा त्याचा प्रवास मुलाच्या मनात ठसतो. पुढे तेच शब्द छापील रूपात भेटतात तेव्हा ते अनोळखी वाटत नाहीत. एखादा शब्द अडला तर आजी थांबून त्याचा अर्थ सांगते आणि त्या अर्थाबरोबर तिच्या माहेरची एखादी आठवणही सांगते. कोणत्याही शाळेला हे जमणार नाही, कारण शाळेजवळ आजी नसते.

ही साखळी कोठे तुटली, हे शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. संध्याकाळची वेळ आधी दूरचित्रवाणीवरील मालिकांनी घेतली, नंतर भ्रमणध्वनीने प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा दिला. एका खोलीत चार माणसे बसलेली असतात आणि चौघांची चार जगे असतात. त्याच काळात मध्यमवर्गाने मुले इंग्रजी माध्यमात घातली. त्याचा परिणाम घरोघरी दिसतो. दहा-अकरा वर्षांचा मुलगा घरात अस्खलित मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक पुढे ठेवले की जोडाक्षरांपाशी अडखळतो, आकडे मराठीत सांगितले की गोंधळतो. वाचनाचा वेग नाही म्हणून गोडी नाही आणि गोडी नाही म्हणून वेग येत नाही, अशा फेऱ्यात तो सापडतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद सर्वांना झाला. परंतु अभिजात ग्रंथांची वारसदार असलेली पिढीच जर ते ग्रंथ वाचू शकणार नसेल, तर त्या दर्जाचे करावयाचे काय?

एका आईची इच्छा

कुटुंबातील वाचनाचे सामर्थ्य केवढे असते, याचे उदाहरण द्यावयाचे तर वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. विनोबा भावे तरुण असताना, त्यांचे कुटुंब बडोद्यास राहत असे. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना गीता समजून घ्यावयाची होती, पण संस्कृत कळत नव्हते. मुलाने मराठी गद्य भाषांतर आणून दिले, तेव्हा त्यांनी पद्यातले हवे म्हटले. मग वामन पंडितांची समश्लोकी आली. तीही त्यांना कठीण वाटली. तेव्हा तूच का करीत नाहीस, असे त्या माउलीने मुलाला सुचविले. १९१८ साली त्यांचे निधन झाले. पण ती इच्छा विनोबांच्या अंतःकरणात जागी राहिली आणि ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे वर्ध्यात ‘गीताई’च्या लेखनास प्रारंभ झाला. पुढच्या फेब्रुवारीत ती पूर्ण झाली. आज तिच्या लाखो प्रती मराठी घरांतून आहेत.

या कथेतील एक बाब विशेष विचारात घेण्याजोगी आहे. घरात एक पुस्तक आले, ते एका वाचकाला कठीण गेले आणि त्या अडचणीची मोकळेपणी चर्चा झाली. आईने आपल्याला समजत नाही हे मुलापाशी सांगितले आणि मुलाने ते मनावर घेतले. आजच्या किती घरांतून आई आणि मुलगा एखाद्या पुस्तकाविषयी असे बोलतात? वर्ध्याजवळ गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. तेथे छत नाही, मूर्ती नाही; उभ्या शिळांवर ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेले आहेत. आईवडिलांनी मुलांसह तेथे एक सकाळ घालवावी, एकेका शिळेपाशी थांबून आळीपाळीने वाचावे, यापरते सुंदर कौटुंबिक वाचन कोणते? जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाने आपली दिंडी कधीतरी तेथपर्यंत न्यावी.

याच भूमीतील आणखी एक नाव येथे आठवते. राष्ट्र सेविका समितीच्या संस्थापिका लक्ष्मीबाई केळकर या वर्ध्याच्या. घरसंसाराची जबाबदारी पेलत त्यांनी रामायणाचा व्यासंग केला आणि पुढे त्यांच्या रामकथेवरील प्रवचनांना ठिकठिकाणी श्रोते लाभले. गृहिणीचे वाचन घरापुरते राहत नाही, ते समाजापर्यंत पोचते, याचा हा दाखला आहे.

मातृभाषेच्या आग्रहाचे तर वर्धा हे उगमस्थानच म्हणावे लागेल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथेच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा ठराव झाला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार केला, त्याची बीजे वर्ध्याच्या त्या परिषदेत दिसतात. शासनाने धोरण ठरविले तरी भाषेची पहिली शाळा घर हीच असते. ती बंद पडली तर पुढच्या शाळांना पाया उरत नाही.

करता येण्याजोगे

महोत्सवाच्या आयोजकांना यात बरेच काही करता येईल. प्रत्येक ग्रंथोत्सवात, संमेलनात एक दालन केवळ कुटुंबांसाठी राखून ठेवावे. तेथे विक्री नसावी. सतरंजी असावी, बालसाहित्याची पुस्तके असावीत आणि एखादा शिक्षक किंवा ग्रंथपाल असावा. येणाऱ्या कुटुंबाने पंधरा मिनिटे बसून एक गोष्ट वाचावी, मुलाने आजीआजोबांना एक पान वाचून दाखवावे आणि मग पुढे जावे. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव यांसारख्या गावांतील सार्वजनिक वाचनालयांनी हाच उपक्रम महिन्यातून एका रविवारी चालविला तर महोत्सवाची वाट पाहण्याचेही कारण उरणार नाही. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यान्वये सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे आहे. ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्या निवृत्तांपुरते आणि स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांपुरते मर्यादित राहू नये. ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव म्हणून साकार झाले. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांचे दरवाजे पुस्तकांसाठी आणि वाचकांसाठी उघडले. जे एका गावाला जमले, ते एका वस्तीला किंवा एका गृहसंस्थेला अशक्य कसे असेल?

घरापुरता संकल्प तर याहून सोपा आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तीच ‘गीता प्रवचने’. कैद्यांसमोर सांगितलेली ती सोपी मराठी आजही घरातल्या सर्वांना कळते. अठरा रविवार, अठरा अध्याय, असा क्रम कोणत्याही कुटुंबाला सहज धरता येईल. मुले लहान असतील तर साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आहेच. तिची मांडणीच एकेका रात्रीची आहे. रोज एक रात्र वाचली की दीड महिन्यात पुस्तक संपते. एक तुरुंगात सांगितले गेले आणि दुसरे तुरुंगात लिहिले गेले. मोकळ्या घरांत त्यांच्यासाठी अर्धा तास निघू नये?

वेळ नाही, ही तक्रार पुढे येईल. आई आणि वडील दोघेही नोकरी करतात, मुलांना शिकवणी असते, सायंकाळी सारे थकलेले असतात. ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. पण ज्या घरात भ्रमणध्वनीसाठी रोज तास-दीड तास निघतो, तेथे वीस मिनिटे निघतात. जेवणानंतर सर्वांचे भ्रमणध्वनी एका फळीवर ठेवावेत आणि घरातील एकाने वाचावे. आज आईने, उद्या मुलाने, परवा आजोबांनी. मुलगा अडखळला तर हसू नये, दुरुस्ती करण्याची घाई करू नये. परीक्षा नाही आणि गुणही नाहीत, असे वाचन त्याच्या वाट्याला अन्यत्र कोठेही येत नाही. काही पालकांना स्वतःलाच मोठ्याने वाचण्याचा संकोच वाटतो. तो दोन-चार दिवसांत जातो. आणि इंग्रजी माध्यमातील मुलाला मराठी वाचन शिकविण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या दिवशी शाळांतून, कार्यालयांतून भाषणे होतात, ती व्हावीत. उरलेल्या दिवसांचे उत्तरदायित्व कुटुंबाचे आहे. ग्रंथदिंडीत नटूनथटून चालणाऱ्या मुलाला पालखीतले पुस्तक उघडून कोणी दाखविले का, हा खरा प्रश्न आहे. दिंडी मैदानावर विसर्जित होते, ती प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत यावी. पालखी नको, लेझीम नको. एक दिवा, एक पुस्तक आणि वाचणारा एक आवाज एवढे साहित्य पुरेसे आहे. ते प्रत्येक घरात आहे. आजच संध्याकाळी प्रारंभ करता येईल.