डेक्स्टर मॉर्गनचा सोवळा सुरा

डेक्स्टर मॉर्गन हा जेफ लिंडसे यांच्या २००४ साली आलेल्या कादंबरीतून जन्मलेला आणि २००६ ते २०१३ या काळात चाललेल्या आठ पर्वांच्या दूरचित्रवाणी मालिकेतून जगभर पोचलेला खुनी. दिवसा तो मायामी पोलिसांकडे रक्ताच्या शिंतोड्यांचा तज्ज्ञ म्हणून नोकरी करतो आणि रात्री माणसे मारतो. तो तीन वर्षांचा असताना बंदरावरच्या एका कंटेनरमध्ये त्याच्या आईचे यांत्रिक करवतीने तुकडे करण्यात आले. हे त्याच्या डोळ्यांदेखत झाले. तिथल्या रक्ताच्या थारोळ्यातून त्याला उचलून आणणाऱ्या हॅरी मॉर्गन या पोलिसाने त्याला दत्तक घेतले. पुढे पोराने मुकी जनावरे मारून पुरल्याचे हॅरीच्या ध्यानात आले. हा मुलगा सुधारणार नाही, असे त्याने स्वतःशीच ठरवून टाकले आणि मारायचेच तर कोणाला व कसे, याचे धडे त्याला दिले. मारायचे ते फक्त खुन्यांना, तेही कायद्याच्या हातून निसटलेल्यांना. आधी खात्री करून घ्यायची. मागे माग ठेवायचा नाही. मालिकेत याला हॅरीची संहिता म्हणतात.

या संहितेवर भाळलेल्यांची कमतरता नाही. त्यांच्यातल्या एका व्यासंगी भाष्यकाराचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. डेक्स्टरला भावना नाहीत, म्हणून मोहही नाहीत. तो नियमाखातर नियम पाळतो. कांटने १७८५ साली वर्णिलेला, मन कोरडे असूनही केवळ कर्तव्य म्हणून सत्कृत्य करणारा माणूस अखेर सापडला, तो मायामीच्या शवागाराशेजारी. सामान्य माणूस कळवळा येतो म्हणून दया करतो, त्यात कसले आले पुण्य? शिवाय न्यायालय ज्याला सोडते त्यालाच डेक्स्टर धरतो, म्हणजे समाजाचे थकलेले देणेच वसूल करतो. शेवटचा पुरावा त्याचा सख्खा भाऊ ब्रायन. तोच कंटेनर, तेच रक्त, फक्त संहिता नाही, आणि तो राक्षस झाला! सबब मनोविकृतालाही नीती शिकवता येते, आणि शिकवलेली नीती उपजत नीतीहून टिकाऊ असते.

कांटचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. कांटचा कर्तव्यनिष्ठ माणूस इच्छा नसताना कर्तव्य करतो. डेक्स्टर जे करतो तीच त्याची इच्छा असते.

खरा प्रश्न संहितेच्या स्वरूपाचा आहे, आणि भाष्यकार महाशयांनी नेमके तेच पान उलटून पुढे जाण्याची चलाखी केली आहे. या संहितेचा पहिला नियम ‘निरपराध्याला मारू नकोस’ हा नाही. पहिला नियम आहे ‘पकडला जाऊ नकोस’. हा क्रम कोणा टीकाकाराने कुत्सितपणे लावलेला नाही. मालिकेत तो पुन्हा पुन्हा उच्चारला जातो. ज्या नीतिशास्त्राचे पहिले कलम कर्त्याच्या सुरक्षिततेचे असते, त्यातली पुढची कलमे पहिल्याची चाकरीच करतात. खुनीच का मारायचे? कारण गुंडाच्या मागे कोणी फारसे शोधत येत नाही. खात्री का करायची? कारण चुकीचा माणूस मारला की गवगवा होतो. ज्या नियमांचे सगळे समर्थन सोयीच्या भाषेत करता येते, त्यांना नीती म्हणायचे तर अट्टल पाकीटमाराच्या शिस्तीलाही तोच मान द्यावा लागेल.

संहिता खरोखर अंकुश असती तर पहिल्या आणि दुसऱ्या नियमात टक्कर झाली तेव्हा दुसरा कधीतरी निर्विवाद जिंकलेला दिसला असता. दुसऱ्या पर्वात सार्जंट डोक्सला डेक्स्टरचे रहस्य कळते. डोक्स तापट आहे, पण संहितेच्या अर्थाने खुनी नाही. डेक्स्टर त्याला दलदलीतल्या झोपडीत पिंजऱ्यात डांबतो आणि आपले सारे खून त्याच्या माथी मारण्याची तजवीज करतो. लायला ही तिसरीच बाई येऊन झोपडी उडवून देते, म्हणून डेक्स्टरचे हात कोरडे राहतात. प्रेक्षक सुस्कारा सोडतो, डेक्स्टरही सोडतो. सातव्या पर्वाच्या शेवटी ला ग्वेर्ता ही अधिकारी त्याच्या मागावर येते, तेव्हा तर आडपडदाही उरत नाही. आईच्या खुनाशी संबंध असलेल्या एस्ट्राडाला मारून ला ग्वेर्तालाही संपवायचे आणि दोघांनी एकमेकांना मारल्याचा देखावा उभा करायचा, असा त्याचा बेत असतो. गोळी अखेर त्याची बहीण डेब्रा झाडते. संहितेचे पावित्र्य असे दर वेळी दुसऱ्याच्या हातांनी राखले जाते, आणि भाष्यकार त्याला ‘संयम’ म्हणतात.

त्याहून बोलके प्रकरण चौथ्या पर्वाच्या पहिल्याच भागात आहे, आणि त्याकडे लक्ष न जाणे हे केवळ अनवधान असू शकत नाही. डेक्स्टरला नुकताच मुलगा झाला आहे आणि बाळाच्या रडण्याने त्याची झोप उडाली आहे. बेनी गोमेझ या खुन्याविरुद्ध तो साक्षीला उभा राहतो आणि हातात निघते ती भलत्याच खटल्याची फाइल. साक्ष कोसळते, गोमेझ सुटतो. मग डेक्स्टर त्याला गाठून प्लास्टिकने मढवलेल्या जागेत टेबलावर घेतो. आता संहितेच्या भाषेत हिशेब मांडून पाहावा. ‘कायद्याच्या हातून निसटलेला खुनी’ ही अट पूर्ण झाली, पण ती पूर्ण झाली डेक्स्टरच्याच निष्काळजीपणामुळे. न्यायव्यवस्थेचे जे अपयश भरून काढण्याचा त्याचा दावा आहे, ते अपयश इथे त्यानेच पुरवले. पुढे त्याच पर्वात ‘ट्रिनिटी’ खुनी आर्थर मिचेल आपल्याच हाती लागावा म्हणून तो दुसऱ्या एका खुन्याला मारून त्यालाच ट्रिनिटी ठरवणारे पुरावे पेरतो आणि पोलिसांची दिशाभूल करतो. कायदा काम करू लागला की त्याच्या पायात पाय घालायचा आणि कायदा पडला की ‘बघा, पडला’ म्हणायचे, अशी ही समाजसेवा.

गुन्हेगारीशास्त्राला ही मांडणी नवीन नाही. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी १९५७ साली बालगुन्हेगारांच्या संदर्भात दाखवून दिले की कायदा मोडणारे बहुतेक जण नीती नाकारत नाहीत. नीती मान्य करूनच ते आपल्यापुरती तिची धार बोथट करून घेतात. जबाबदारी माझी नव्हती. नुकसान असे झालेच नाही. ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता. मला नावे ठेवणारेच मोठे लबाड. मी केले ते माझ्या माणसांसाठी. डेक्स्टरच्या स्वगतात या पाचही सबबी भेटतात. ‘माझ्या आतला तो काळा सहप्रवासी करतो’ ही पहिली, ‘त्यांना तेच योग्य होते’ ही तिसरी. संहिता म्हणजे हॅरीने या सबबी आगाऊ लिहून दिलेला परवाना. शाळकरी पोराला सबब सुचायला थोडा वेळ तरी लागतो. डेक्स्टरला ती वारशातच मिळाली.

आणि भूक तशीच राहते, हे मालिका लपवत नाही. बळी शुद्धीवर येईपर्यंत थांबायचे, त्याने मारलेल्यांची छायाचित्रे भोवती लावायची, गालावर बारीक चिरा देऊन रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि ती पट्टी वातानुकूलन यंत्राच्या पोकळीत दडवलेल्या पेटीत ठेवायची. न्यायाला या पेटीची गरज नाही. संहितेलाही नाही, उलट पहिल्या नियमाच्या दृष्टीने ती पेटी म्हणजे घरात ठेवलेला फाशीचा दोर. तरी ती आहे, कारण अधूनमधून काढून पाहण्यात सुख आहे. संहिता आणि सुख समोरासमोर आले तेव्हा डेक्स्टरने काय निवडले, याचे उत्तर त्या यंत्रामागे आहे.

इथे एक जुना वाद उकरून काढणे भाग आहे. मराठीत रहस्यकथांचा सुकाळ होता तेव्हा त्या वाचून पोरे बिघडतात, अशी हाकाटी वडीलधारी मंडळी करत असत. डेक्स्टरच्या बाबतीतही ती झाली. कॅनडातल्या एडमंटन शहरात २००८ साली एका हौशी चित्रपटकाराने भाड्याच्या गॅरेजमध्ये प्लास्टिक लावून एका माणसाचा खून केला, २०११ मध्ये तो दोषी ठरला, आणि त्याचे डेक्स्टर-प्रेम जगजाहीर झाले. त्यावरून मालिकेवर बंदी मागणे हा बावळटपणा होता आणि आहे. त्या माणसाने प्लास्टिक उचलले, संहिता उचलली नाही. त्याचा बळी कोणाचाही खुनी नव्हता. पण बंदीवाल्यांचा बावळटपणा सिद्ध झाला म्हणून डेक्स्टर संत ठरत नाही. हे दोन्ही एकदम म्हणता येते, याचा त्या वादातल्या दोन्ही पक्षांना कायम विसर पडत आला.

खात्रीचा मुद्दा. चौथ्या पर्वातच जोनाथन फॅरो या छायाचित्रकाराला डेक्स्टर पूर्ण चौकशीनंतर मारतो, आणि नंतर कळते की खुनी फॅरोचा सहायक होता. ‘शंभरातली एक चूक’ म्हणून भाष्यकार हे झटकतात. वास्तविक डेक्स्टरची विद्याच डळमळीत आहे: रक्ताच्या शिंतोड्यांवरून काढलेल्या निष्कर्षांतली अनिश्चितता प्रचंड असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने स्पष्ट सांगितले. त्याचे राज्य फ्लोरिडा तर मृत्युदंडाच्या कोठडीतून निर्दोष सुटलेल्यांच्या संख्येत अमेरिकेत पहिले आहे. तिथे ज्युरी होते, वकील होते, अपिले होती, तरी ही स्थिती. डेक्स्टरच्या टेबलावर अपील नाही.

ब्रायनचा पुरावा वरवर भक्कम वाटतो, पण त्या तुलनेत बदललेली गोष्ट एकच नाही. हॅरीने एकालाच घरी नेले. डेक्स्टरला आडनाव मिळाले, आई मिळाली, जेवणाचे टेबल मिळाले, डेब्रासारखी तोंडाळ आणि जीव लावणारी बहीण मिळाली. ब्रायनला संस्थेच्या भिंती मिळाल्या. दोघांतला फरक संहितेच्या खात्यावर जमा करायचा आणि घराच्या खात्यावर शून्य मांडायचे, याला विश्लेषण म्हणत नाहीत. शिवाय ब्रायनही काही आंधळा खुनी नाही. तोही बळी निवडून घेतो, रक्ताचा थेंब न सांडता काम करतो. शिस्तीत तो भावाच्या तसूभरही मागे नाही.

संहितेच्या जनकाचे काय झाले, हेही पाहावे. आपल्या शिकवणुकीचे फळ, म्हणजे देहाचे तुकडे करणारा मुलगा, हॅरीने एकदा प्रत्यक्ष पाहिले. तो ओकला, आणि काही दिवसांतच त्याने स्वतःला संपवले. आठव्या पर्वात संहितेची दुसरी शिल्पकार उघड होते: डॉ. एव्हलिन व्होगेल, मनोविकृत माणसे समाजाला उपयोगी पडतात असे मानणारी मानसतज्ज्ञ. भाष्यकारांचा सगळा युक्तिवाद या बाईंच्या तोंडून आधीच येऊन गेला आहे, आणि पटकथाकारांनी त्यावरचा अभिप्रायही देऊन ठेवला आहे. बाईंना त्यांचा स्वतःचा खुनी मुलगाच मारतो.

वास्तवातही ‘नियमाने मारणाऱ्यां’चे दावे तपासून घ्यावे लागतात. यॉर्कशायरच्या पीटर सटक्लिफने १३ स्त्रियांचे खून केले, आणि वेश्यांना मारण्याचा आपल्याला ईश्वरी आदेश होता, असे तो १९८१ च्या खटल्यात म्हणाला. त्याच्या बळींतल्या सगळ्या वेश्या नव्हत्या. ज्युरीने त्याचा बचाव फेटाळला.

आता मंडन. डेक्स्टर हा शुद्ध मनोविकृत आहे, हा भाष्यकारांचा आधारच कच्चा आहे. रॉबर्ट हेअर यांच्या २० मुद्द्यांच्या तपासणी-यादीत उथळ भावना, बेजबाबदारपणा, अविचारी आवेग यांना जागा आहे. डेक्स्टर नोकरी टिकवतो, सावत्र मुलांचे डबे भरतो, वर्षानुवर्षे बेत आखतो. ‘मला काही वाटत नाही’ हे त्याचे निवेदन आहे, निदान नव्हे. हॅरीने त्याला लहानपणीच तसे सांगितले आणि त्याने ते खरे मानले.

त्याच्यात जे नैतिक म्हणता येईल ते संहितेबाहेर दिसते, बऱ्याचदा तिला मोडून. पाचव्या पर्वात ल्यूमेन ही अत्याचारातून वाचलेली तरुणी त्याला खून करताना पाहते. पहिल्या नियमाने ती साक्षीदार, म्हणजे संकट. डेक्स्टर तिच्या जखमांवर उपचार करतो, तिला खाऊ घालतो, पुढे तिचा राग समजून घेतो आणि तिला जायचे असते तेव्हा जाऊ देतो. यातले काहीही हॅरीने शिकवलेले नव्हते. नीतीचा अंकुर शोधायचाच तर तो रक्ताच्या काचपट्ट्यांत न शोधता इथे शोधावा. तो फार मोठा आहे असे नाही. ल्यूमेनसाठीही तो माणसेच मारतो.

उलट बाजूने, संहिता पुढच्या पिढीला देऊन पाहण्याचा प्रयोग २०२१ च्या पुढील मालिकेत होतोच. डेक्स्टर आपल्या मुलाला, हॅरिसनला, ती शिकवू लागतो. मग स्वतःला अटक होताच कोठडीतून सुटण्यासाठी तो सार्जंट लोगनला मारतो, आणि लोगन हा हॅरिसनचा प्रशिक्षक व सरळमार्गी माणूस असतो. मुलगा नियम नीट शिकलेला असतो, म्हणूनच त्याला बापाचा गुन्हा कळतो आणि तो बापावर गोळी झाडतो. संहितेचा एवढा काटेकोर अंमल मालिकेत त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. निर्मात्यांनी २०२५ मध्ये डेक्स्टरला पुन्हा उभे केले, संहितेसह, आणि भाष्यकार महाशयांची पुढची काही वर्षांची सोय झाली.