धारा, प्रवाह आणि पदव्युत्तर अभियांत्रिकी

रायपूरहून दुर्गकडे जाताना खारून नदी ओलांडली की कुम्हारी लागते. हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १९५६ पर्यंत मराठी व हिंदी भाषकांच्या एकाच प्रांतात तो नांदला. भिलाईत १९५९ मध्ये सोव्हिएत साहाय्याने पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा यंत्रांबरोबर रशियन भाषाही आली. आज याच परिसरात, २०१६ मध्ये स्थापन झालेल्या भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, विद्युत् व संगणक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर अध्ययन इंग्रजीतून चालते.

येथील हिंदी शाळेत शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला विद्युत् 'धारा' ठाऊक असते. नागपूरकडच्या त्याच्या भावंडाला 'प्रवाह'. मराठीत धारा पावसाच्या, गाईच्या. आणि जुन्या दप्तरात धारा म्हणजे शेतसारा! हिंदीतील 'वोल्टता' मराठीत 'दाब' होते. हा शब्द सरसच म्हटला पाहिजे, कारण नळाच्या पाण्याचा अनुभव घेऊन तो येतो. परंतु वायूचा दाब मोजून त्याचे विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या संवेदकावर प्रबंध लिहावयाचा झाल्यास एकाच वाक्यात दोन दाब येतात, आणि शब्दाची खरी परीक्षा तेथे होते. शालेय पुस्तकात ती कधीच होत नाही.

महाराष्ट्रात परिभाषाकोश पुष्कळ झाले. ते समित्यांनी परिश्रमपूर्वक रचले. मात्र प्रयोगशाळेत राबणाऱ्या संशोधकाने ते वापरून, अडखळून, दुरुस्त केले असे क्वचितच घडले. पिंपरी-चिंचवड येथे २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून देण्यास आरंभ झाला, हे स्वागतार्ह आहे. तथापि पदवीच्या पुस्तकांचे भाषांतर म्हणजे अन्यत्र सिद्ध झालेल्या ज्ञानाची ने-आण. नवे ज्ञान जेथे घडते त्या पायरीवर भाषेला प्रवेश नसेल, तर खालच्या पायरीवरील मराठी ही उसनवारीचीच राहणार.

म्हणून प्रबंध इंग्रजीत राहू द्यावा. जगाशी व्यवहार त्याच भाषेत आहे. मात्र प्रत्येक प्रबंधासोबत संशोधकाने स्वतःच्या भाषेत, मग ती मराठी असो, छत्तीसगढी असो वा तेलुगू, दहा पृष्ठांचे निवेदन लिहावे, आणि त्याच्या परीक्षणास अभियंत्याबरोबर भाषेचा एक अध्यापक असावा. भारतीय भाषांच्या विभागांनी हे काम आपले नव्हे असे मानण्याचे कारण नाही. 'दाब' कोणता, असा साधा प्रश्न विचारण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.